भाड्याने देण्याच्या गोदामासाठी बांधकाम साहित्याची निवड



सोयाबीनची मळणी झाली की घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. माल ठेवायला जागा नाही म्हणून पडत्या भावात तो बाजारात न्यावा लागतो. ही गरज ओळखून रस्त्याकडेच्या जमिनीवर भाड्याने देण्यासाठी गोदाम बांधण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु अशा गोदामात माल दुसऱ्याचा असतो. घरची पोती भिजली तर नुकसान आपल्यापुरते राहते. भाडेकरूची भिजली तर भरपाई द्यावी लागते, आणि कर्जाचे हप्ते सुरू असताना गोदाम मात्र रिकामे राहते. म्हणून साहित्याची निवड विचारपूर्वक करावी.

आधी भाडेकरू, मग साहित्य

गोदामात काय ठेवले जाणार, हे प्रथम ठरवा. धान्य, हळद, सोयाबीन यांना ओल आणि उंदीर यांपासून संरक्षण हवे. रासायनिक खते हवेतील ओलावा शोषून पाझरतात व लोखंड खातात. तेथे उघडे लोखंडी कैचे आणि साधे जस्ती पत्रे लवकर गंजतात. खत व धान्य एकाच खोलीत कधीही ठेवू देऊ नये.

पाया

काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. अशा जमिनीत उथळ पायावर उभारलेल्या भिंतींना दोन-तीन वर्षांतच तिरप्या भेगा पडलेल्या आपण पाहिल्या असतील. पाया पक्क्या मुरमापर्यंत न्यावा. जोते व दारे-खिडक्यांवरची पातळी या दोन्ही ठिकाणी सलग सिमेंट-काँक्रीटचा पट्टा द्यावा. मुरूम फार खोल असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने खांबांचा पाया घ्यावा. पायाच्या दगडासाठी जवळच्या खाणीतील ठणक काळा दगड उत्तम. भुसभुशीत, पोपडे सुटणारा दगड टाळावा.

जमीन (फरशी)

सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. पोत्यांची ३ मीटर उंच थप्पी दर चौरस मीटरला सुमारे २ टन भार टाकते. जोत्यात काळी माती भरली तर फरशी खचणारच. मुरूम १५ सें.मी.च्या थरांत पाणी मारून व धुमसून भरावा. त्यावर दगडाची सोलिंग, मग १:४:८ काँक्रीटचा थर, त्यावर ७०० गेजचा प्लॅस्टिक कागद आणि शेवटी १:२:४ काँक्रीट, असा क्रम ठेवावा. कागदाचे जोड एकमेकांवर चढवावेत. हा कागद एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. पण जमिनीतून वर चढणारी ओल तोच अडवतो. नंतर तो घालता येत नाही.

भिंती

चांगली भाजलेली वीट दुसऱ्या विटेवर आपटल्यावर खणखणते व पाण्यात ठेवल्यावर विरघळत नाही. फ्लाय ॲशच्या विटा किंवा काँक्रीटचे ठोकळे चालतील, मात्र ते पूर्ण मुरलेले असावेत. २३ सें.मी. जाडीची भिंत १:६ सिमेंट-वाळूत बांधावी. वाळू मुठीत चोळून पाहावी. हाताला माती लागली तर धुऊन घ्यावी. सिमेंट ताजे घ्यावे. तीन महिन्यांहून अधिक पडून राहिलेल्या पोत्याची ताकद घटते. थप्पी भिंतीपासून ६० सें.मी. दूर ठेवण्याची अट भाडेकरूला घालावी, कारण अशी भिंत पोत्यांचा रेटा सोसण्यासाठी नसते.

छप्पर

जस्ती पत्रा वजनाला हलका असून वाहतुकीत फुटत नाही. परंतु दिवसा तापतो आणि रात्री त्याच्या खालच्या बाजूस दव साचून पोत्यांवर ठिबकते. यावर उपाय म्हणजे भिंतीत वर व खाली जाळीचे झरोके. सिमेंटचा पत्रा कमी तापतो, खताने गंजत नाही, पण ठिसूळ असतो. ॲस्बेस्टॉसयुक्त पत्र्याच्या धुळीतील तंतू फुप्फुसांना घातक असल्याने ॲस्बेस्टॉसविरहित पत्रा मागावा. पत्र्याला भोक पन्हळीच्या उंचवट्यावरच पाडावे, खोलगट भागात नव्हे, आणि स्क्रूखाली रबरी वायसर घालावे. वळवाच्या वादळात पत्रे कडेपासून उडतात; म्हणून कडेच्या ओळींत स्क्रू जवळजवळ बसवावेत.

उंदीर

जोते जमिनीपासून किमान ७५ सें.मी. उंच ठेवून त्याला बाहेर आलेली कड द्यावी. पायऱ्या काढता येतील अशा लोखंडी असाव्यात. शटरखाली बोटभर फट राहिली तरी एवढा खर्च वाया जातो.

काटकसर कोठे करावी?

आतला रंग, बाहेरचा गिलावा, शोभेचा कठडा ही कामे पुढच्या वर्षी करता येतात. पाया, फरशीखालचा कागद आणि छप्पर यांत मात्र काटकसर नको. पैसे कमी असतील तर गोदाम लहान बांधा, कच्चे बांधू नका.

भाड्यासाठीचे बांधकाम हा व्यवसाय असल्याने ग्रामपंचायत व तहसील कार्यालयात परवानगीची चौकशी आधी करावी. तसेच २००७ च्या वखार कायद्यानुसार नोंदणी झालेल्या गोदामाच्या पावतीवर शेतकऱ्याला बँकेकडून मालतारण कर्ज घेता येते. त्या नोंदणीच्या अटी आराखडा काढण्यापूर्वीच समजून घ्याव्यात.

पहिला पावसाळा हीच गोदामाची खरी परीक्षा. तेव्हा बांधकाम पूर्ण झाल्यावर एक पावसाळा आपलाच थोडा माल आत ठेवून पाहा. पोत्यांचे तळ कोरडे राहिले, तरच दुसऱ्याचा माल विश्वासाने आत घ्या.