चिन्ह केव्हा उलटते?

कॅडेट मित्रांनो, समजा सुट्टीत जबलपूरला बड़ा फुहाऱ्यावर वह्या घ्यायला गेलात. खिशात ५०० रुपये, परतीच्या रिक्षाचे ६० बाजूला, वही ३५ ची. क्ष वह्या घेतल्या तर

३५क्ष + ६० ≤ ५००

म्हणून क्ष ≤ १२.५७ (सुमारे). अर्धी वही कोणी देत नाही, म्हणून संख्यारेषेवर ० ते १२ असे सुटे ठिपके काढा. खव्याची जिलबी तोलून घ्यायची असती तर सलग रेघ चालली असती!

इथवर सोपे. खरी फसगत ऋण चिन्हाशी होते. एनडीएच्या गणिताच्या पेपरात १२० प्रश्न, ३०० गुण. बरोबर उत्तराला २.५, चुकीला त्याचा एक तृतीयांश वजा. तुम्ही ६० प्रश्न सोडवलेत आणि निदान १०० गुण हवेत. क्ष उत्तरे चुकली तर

२.५(६० − क्ष) − (२.५ ÷ ३)क्ष ≥ १००

दोन्ही बाजूंना ३ ने गुणून: ४५० − १०क्ष ≥ ३००
म्हणजे −१०क्ष ≥ −१५०

आता −१० ने भागताना चिन्ह उलटते: क्ष ≤ १५. कारण ३ हा २ पेक्षा मोठा, पण −३ हा −२ पेक्षा लहान. हे विसरलात तर क्ष ≥ १५ येईल, म्हणजे चुका जितक्या जास्त तितके बरे!

ताळा करा. १५ चुकल्यास ११२.५ − १२.५ = नेमके १००; १६ चुकल्यास ९६.६७. म्हणून ठिपके ० पासून १५ पर्यंत, आणि १५ वरचाही भरीवच. ‘१०० पेक्षा जास्त’ हवे असते तर शेवटचा ठिपका १४ वर आला असता.