मोबाइलवरचा छळ

आपली मुले-मुली आता कॉलेजात जातात. कोणी जव्हारला वसतिगृहात राहते. कोणी मोखाड्याहून एसटीने ये-जा करते. भातकापणी झाली की आपण कामासाठी भिवंडीकडे, वसईकडे जातो. मग मुलांची खुशाली मोबाइलवरच कळते. मोबाइल कामाचा आहे. पण विळा गवत कापतो, तसा बोटही कापतो. मोबाइलचेही तसेच आहे.

समजा, आपली मुलगी सुट्टीत घरी आली. ती नीट जेवत नाही. फोन वाजला की दचकते.

आई विचारते, "काय झालं गं बाय?"

मुलगी रडत सांगते, "आये, कुणीतरी माझ्या नावानं खोटं खातं उघडलंय. माझा फोटो लावलाय. खाली घाण घाण लिहितात. जातीवरून बोलतात."

बाप म्हणतो, "फोडून टाक तो फोन! उद्यापासून कॉलेज बंद!"

बापाची काळजी खरी आहे. पण उपाय चुकीचा आहे. फोन फोडला तर पुरावा गेला. कॉलेज सोडले तर शिक्षण गेले. छळणारा मात्र मोकळाच राहिला. शिवाय घरी बोलणी बसली, तर मुलगी पुढच्या वेळी काही सांगणार नाही. एकटीच सोसत राहील. लाज तिने का धरावी? लाज छळणाऱ्याने धरावी.

मग काय करावे?

१. मुलीला धीर द्यावा. "तुझी चूक नाही," असे तोंडाने सांगावे.

२. उलट शिव्या लिहू नयेत. मजकूर पुसू नये. पडद्याचे चित्र टिपून ठेवावे. त्याला स्क्रीनशॉट म्हणतात. बहुतेक फोनवर चालू-बंदचे बटण आणि आवाज कमी करण्याचे बटण एकदम दाबले की तो निघतो. तारीख, वेळ, नंबर आणि खात्याचे नाव वहीत लिहावे. मगच त्या माणसाला ब्लॉक करावे.

३. "पैसे दे, नाहीतर फोटो पसरवीन," असे कोणी म्हणाले, तर एक पैसाही देऊ नये. एकदा दिले की मागणी वाढते. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या नंबरावर फोन करावा.

४. छळणारे कॉलेजातले असतील तर प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा. वसतिगृहाच्या गृहपालांनाही सांगावे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. त्यांत ईमेलवरून केलेला छळ आणि चारचौघांतला अपमानही रॅगिंग धरला आहे. त्यासाठीचा फोन १८००-१८०-५५२२.

५. पोलीस ठाण्यात जावे. गुन्हा कोठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घेतली पाहिजे, असा कायदा आहे. स्त्रीच्या अब्रूविषयीचा गुन्हा असेल तर तिची खबर स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. खबरीची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्यावी.

कायदा आपल्या बाजूने आहे. संमतीवाचून कोणाच्या उघड्या अंगाचा फोटो पसरविला, तर २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्याने आदिवासी माणसाला जातीवरून चारचौघांत शिवी दिली, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो.

"नाव खोटे, मग माणूस कसा सापडणार?" असे वाटेल. पण मुंबईत २००९ साली एका स्त्रीला अनोळखी पत्त्यावरून घाणेरडे ईमेल आले. तिने तक्रार केली. पोलिसांनी इंटरनेटवरून माग काढला. माणूस तिच्या ओळखीचाच निघाला. २०१५ साली न्यायालयाने त्याला शिक्षा दिली. वेळ लागला, पण खोटे नाव टिकले नाही.

आपलेही एक काम आहे. कोणाची बदनामी करणारा फोटो आपल्या फोनवर आला, तर तो पुढे पाठवू नये. अश्लील फोटो पुढे पाठविणे हासुद्धा गुन्हा आहे. तो फोटो आज दुसऱ्याच्या लेकीचा असेल. उद्या आपल्या लेकीचा असेल.

सांगा पाहू :
१. बापाने फोन फोडला असता तर काय नुकसान झाले असते?
२. ब्लॉक करण्याआधी काय काय टिपून ठेवावे?
३. आपल्या घरातली मुलगी अशी गप्प झाली, तर तुम्ही तिला आधी काय म्हणाल?