वाचन, मनन आणि लेखन : सर्जनशीलतेचे मानसशास्त्र

प्रतिभा ही जन्मतःच लाभणारी देणगी आहे, असा समज आपल्या समाजात खोलवर रुजला आहे. हा समज निरुपद्रवी नाही. बुद्धी जन्मावर ठरते असे मानणाऱ्या व्यवस्थेने शतकानुशतके बहुजनांच्या हाती लेखणी येऊ दिली नाही. आज ती ज्यांच्या हाती आली आहे, त्यांच्यापैकी अनेक मुले ‘मला सुचत नाही’ असे म्हणून गाइडमधील निबंध उतरवून काढतात. म्हणून ‘सुचणे’ म्हणजे नेमके काय, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ साली ‘द आर्ट ऑफ थॉट’ या ग्रंथात सर्जनाच्या चार अवस्था मांडल्या : पूर्वतयारी, परिपाक, स्फुरण आणि पडताळणी. पूर्वतयारीत माणूस वाचतो, निरीक्षण करतो, टिपणे काढतो. परिपाकात विषय बाजूला ठेवलेला दिसतो. परंतु मन त्यापासून सुटलेले नसते. मग एखादी कल्पना स्फुरते आणि शेवटी ती तपासून नेटकी मांडावी लागते. लोकांच्या नजरेत भरते ते केवळ स्फुरण. त्याच्या आधीचे व नंतरचे श्रम दिसत नाहीत. पाली वाङ्मयातही प्रज्ञेचे तीन प्रकार सांगितले आहेत : श्रवणातून येणारी सुतमया, चिंतनातून येणारी चिंतामया आणि साधनेतून येणारी भावनामया. येथे ‘भावना’ म्हणजे मनोविकार नव्हे, तर जोपासना. या दोन मांडण्या एकच नव्हेत. तथापि प्रज्ञा जोपासावी लागते, हे दोन्हींचे सांगणे आहे.

वॉलस ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवीत असत, तेथेच १९१६ साली बाबासाहेबांनी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध प्रथम स्वीकारला गेला नाही. तो फेरलेखनासाठी परत आला. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून सादर केला आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी संपादन केली. पडताळणीची अवस्था किती खडतर असते, हे यावरून ध्यानात यावे.

पूर्वतयारी म्हणजे केवळ ग्रंथवाचन, असेही नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या लोकांचे हाल तिने पाहिलेलेच होते. शाळेने तिला अक्षरे दिली आणि प्रश्न विचारण्याचे बळ दिले. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकारच नसेल तर आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न अनुभव व तर्क यांच्या संयोगातून जन्मला. वस्तीतील जगणे हेही लेखनाचे भांडवल आहे, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे.

मग अभ्यास कसा करावा? रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहिले होते. म्हणून पाठ वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, आठवेल तेवढे स्वतःच्या शब्दांत लिहावे, मग पुस्तक उघडून चुका तपासाव्यात आणि शेवटी आपल्या मनात उठलेला एक प्रश्न खाली लिहावा. पहिल्या तीन पायऱ्यांनी स्मरण पक्के होते. चौथीपासून स्वतंत्र लेखनाचा आरंभ होतो.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी दाखवून दिले की, बोलताना श्रोता समोर असतो, लिहिताना मात्र तो मनात कल्पावा लागतो; म्हणूनच मुलांना लेखन बोलण्याहून कठीण जाते. यावर वसतिगृहातील मुलांसाठी एक सोपा उपाय आहे : घरी पत्र लिहिणे. आईला काय ठाऊक आहे आणि काय उलगडून सांगावे लागेल, याचा विचार करता करता मूल लेखक होऊ लागते. फोन आल्यापासून ही सवय सुटली आहे. पालकांनी महिन्यातून एक पत्र मागावे. स्वतःला वाचता येत नसेल तर ते कोणाकडून वाचून घ्यावे आणि मूल घरी आल्यावर त्यातील एखाद्या गोष्टीविषयी त्याला विचारावे. आपले लिहिणे कोणीतरी मनापासून ऐकले, या जाणिवेने मूल पुन्हा लेखणी उचलते.

माजी विद्यार्थ्यांकडूनही एक अपेक्षा आहे. शाळेला पुस्तके भेट द्यावीतच. त्यासोबत आपल्या आई-वडिलांच्या कष्टांविषयी व आपल्या शिक्षणाविषयी दोन पाने लिहून द्यावीत. आपल्यासारख्याच घरातून आलेल्या माणसाने लिहिलेले वाचले की ‘मला सुचत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला आपल्याजवळही सांगण्यासारखे बरेच काही आहे, याची खात्री पटेल.