अंगणांतील वर्षाबाग

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं. त्यांचे बांध पावसाचें पाणी अडवून धरीत. आतां तेथें घरें व फरसबंदी झाली आहे. त्यामुळें छपरांवरचें पाणी थेट सखल वस्तींत शिरतें. मुंबईचीं जुनीं पर्जन्यगटारें तासास २५ मिलिमीटर पावसाच्या मानानें बांधलेलीं; आणि २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला! ज्या वाचकांचीं किंवा त्यांच्या मुलांचीं घरें तिकडे आहेत, त्यांनीं अंगणांत वर्षाबाग करावी. वर्षाबाग म्हणजे छपराचें पाणी मुरविणारा उथळ, खोलगट वाफा.

प्रथम हिशोब पाहूं. एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, छपरावर १ इंच पाऊस पडल्यास सुमारें ९० घनफूट, म्हणजे अडीच हजार लिटर पाणी उतरतें. १८ फूट लांब, १० फूट रुंद व ६ इंच खोल वाफ्यांत तें मावतें.

जागा निवडतांना एक फूट खोल खड्डा करून पाण्यानें भरावा. चोवीस तासांत तें न मुरल्यास ती जागा सोडावी; नाहींतर डासांची पैदास होते. वाफा घराच्या पायापासून दहा फूट दूर असावा. हा नियम मीं पहिल्या वर्षीं मोडला. भिंतीस ओल चढली आणि खड्डा बुजवून दुसरा खणावा लागला.

काम वैशाखांत उरकावें. माती दीड फूट खणून तींत वाळू व कुजलेलें खत मिसळावें, आणि तळ सपाट करावा. पाणी पडेल तेथें दगड मांडावे. मृगाच्या सरी आल्या कीं मध्यें कर्दळ व अळू, आणि कांठावर वाळा लावावा. तळापासून ६ इंचांवर दगडी सांडवा ठेवावा. जादा पाणी त्यांतून गटारांत जावें, शेजाऱ्याच्या अंगणांत नव्हे.

असा वाफा महापूर अडविणार नाहीं, हें उघड आहे. परंतु सर थांबली कीं तो रिकामा होतो व पुढच्या सरीस पुन्हा सज्ज असतो. वरच्या शेतकऱ्यानें बांध फोडला, तर खालच्याचें पीक जातें, हें आपणांस सांगावयास नको. शहरांतहि न्याय तोच: आपल्या छपराचें पाणी शक्य तितकें आपल्याच जमिनींत मुरवावें.