मुखश्वसन, मुखास्थींची वृद्धी आणि सिकलसेल : एक चिकित्सोपयोगी अभ्यास

प्रस्तुत लेखास एक रुग्ण निमित्त झाला आहे. आठ वर्षांचा हा मुलगा जंगलपट्ट्यातील एका गावातून माझ्याकडे येत असे. वरचे दात पुढे आलेले, ओठ मिटत नाहीत, रात्री तोंड उघडे ठेवून घोरतो, वारंवार सर्दी होते, अशा त्याच्या तक्रारी होत्या. निस्तेज वर्ण पाहून मी पांडू आणि प्रतिश्याय असे निदान केले व काही महिने त्यानुसार औषधे दिली. पुढे एका थंडीत हातापायांच्या तीव्र वेदनांनी तो रुग्णालयात दाखल झाला. तेथे रक्ततपासणी होऊन सिकलसेलचे निदान झाले. ही चूक सर्वस्वी माझी होती. त्याच्या मुखावरच व्याधीची सूचना लिहिलेली होती, ती मला वाचता आली नाही. इतर वैद्यबंधु-भगिनींकडून असे होऊ नये, हा या लेखाचा हेतू आहे.

अस्थिविचार

सुश्रुताचार्यांनी अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार सांगितले आहेत. गंड, तालु, शंख व शिर येथील अस्थी कपालवर्गात, दात रुचकवर्गात आणि नासिकेतील अस्थी तरुणवर्गात येतात. आधुनिक भ्रूणशास्त्रानुसार कवटीचे छत, गालाची हाडे, वरचा जबडा व टाळू ही हाडे मुख्यतः पटलापासून थेट बनतात, तर कवटीचा तळ आधी कूर्चारूप असतो व नंतर त्याचे अस्थीत रूपांतर होते. दोन्ही वर्गीकरणांचे निकष भिन्न आहेत. त्यामुळे एकावरून दुसरे सिद्ध होते असे म्हणणे योग्य नाही. तथापि मुखाच्या अस्थी सर्व एकजातीय नाहीत, हे निरीक्षण दोन्हीकडे आढळते.

मुखाची वाढ कशी होते? कवटीची वाढ मेंदूच्या वाढीबरोबर होते आणि सहा-सात वर्षांपर्यंत ती बहुतांश पूर्ण होते. जबड्यांची वाढ मात्र पौगंडावस्थेच्या अखेरीपर्यंत चालू राहते. अमेरिकेतील मेल्विन मॉस यांनी १९६० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, हाड स्वतःहून आकार घेत नाही, तर श्वसन, चर्वण, गिळणे अशा कार्यांच्या व त्यांच्याशी संबंधित मृदू अवयवांच्या मागणीनुसार ते घडते. या मताला मर्यादा आहेत, कारण आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. परंतु दंतव्यंगोपचार शास्त्रात मुखाच्या आकाराबरोबर श्वासमार्गाचाही विचार होऊ लागला, त्यास या मताने मोठा हातभार लावला.

मुखश्वसनाचा परिणाम

नाकाने श्वास घेताना ओठ मिटलेले असतात व जीभ टाळूला टेकलेली असते. बाहेरून गालांचा दाब आणि आतून जिभेचा आधार यांच्या समतोलात वरचा जबडा रुंद होतो. नाकामागील अॅडेनॉइड ग्रंथी वाढली की बालक तोंडाने श्वास घेऊ लागते. मग जीभ खाली येते, खालचा जबडा खाली-मागे झुकतो, टाळू अरुंद व उंच होते, चेहरा लांबट दिसतो. स्वीडनमधील लिंडर-अॅरॉन्सन यांनी १९७० मध्ये अॅडेनॉइडग्रस्त मुलांच्या अभ्यासात असे बदल नोंदविले. हार्वोल्ड व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माकडांची नाके कृत्रिमरीत्या बंद केली होती. त्यांचे जबडे व दातांची ठेवण बदलली, परंतु प्रत्येकात बदल सारखा नव्हता. यावरून घ्यावयाचा बोध असा की मुखश्वसन हे वाढ बिघडविणारे एक कारण आहे. ते एकमेव कारण नाही आणि प्रत्येक पुढे आलेला दात त्याच्यामुळे येत नाही.

सिकलसेलचा संबंध

विदर्भात सिकलसेलचा आढळ नागपूरच्या संशोधकांनी १९५८ मध्ये नोंदविला. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आदिवासी तसेच अन्य समाजांतही हा विकार आढळतो. यात प्राणवायू कमी झाला की रक्तकणांतील बदललेले हिमोग्लोबिन एकत्र गोठल्यासारखे होते, कण विळ्याच्या आकाराचे व कडक होतात, लवकर फुटतात आणि सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. मुखावर याचे परिणाम दोन मार्गांनी होतात.

पहिला मार्ग मज्जेचा. नष्ट होणाऱ्या रक्तकणांची भरपाई करण्यासाठी अस्थिमज्जा विस्तारते. वरच्या जबड्यातील मज्जेची जागा वाढून जबडा व पुढचे दात पुढे येऊ शकतात, कपाळ व गालाची हाडे ठळक दिसू शकतात. दातांच्या मुळांमधील अस्थिजाल क्ष-किरणात शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसते. थॅलसेमियात हे बदल अधिक ठळक असतात, सिकलसेलमध्ये ते सौम्य असल्याने सहज नजरेतून सुटतात.

दुसरा मार्ग श्वासाचा. या बालकांत टॉन्सिल व अॅडेनॉइड वाढलेले वारंवार आढळतात. प्लीहेचे कार्य मंदावल्याने इतर लसिका-ऊतक वाढत असावे, असे एक अनुमान आहे. श्वासमार्ग अरुंद झाला की झोपेत श्वास अडतो व रक्तातील प्राणवायू उतरतो. इतर बालकास यामुळे थकवा व चिडचिड येईल. सिकलसेलच्या बालकात मात्र उतरलेला प्राणवायू हेच रक्तकण विळ्यासारखे होण्याचे निमित्त ठरते. म्हणून या बालकाचे घोरणे ही क्षुल्लक तक्रार नव्हे.

याखेरीज दोन चिन्हे लक्षात ठेवावीत. वेदनेच्या झटक्यात खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होऊ शकते आणि न किडलेला दातही आतून मृत होऊ शकतो. कीड नसताना दात दुखत असल्यास तो काढण्याची घाई करू नये.

वैद्याचे कर्तव्य

१. दात पुढे आल्याची वा घोरण्याची तक्रार असलेल्या प्रत्येक बालकाचे डोळे, नखे, प्लीहा व घसा पाहावा. झोपेत श्वास थांबतो का, दचकून उठतो का, हातपाय दुखतात का, घरात कोणास सिकलसेल आहे का, हे मातेस विचारावे.

२. शंका येताच सिकलसेल तपासणीस पाठवावे. विद्राव्यता चाचणीने वाहक व रुग्ण असा भेद होत नाही आणि अगदी लहान अर्भकात ती विश्वसनीय नसते. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. या तपासणीने निश्चिती करावी. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून शून्य ते चाळीस वयोगटाची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे.

३. निस्तेजता दिसली म्हणून लोह किंवा मंडूर कल्प सरसकट देऊ नयेत. लोहाची कमतरता सिद्ध झाल्यावरच ते द्यावेत, कारण वारंवार रक्त दिलेल्या रुग्णांत लोह साचते. वमन-विरेचनादी शोधन किंवा तीव्र स्वेदन यांनी शरीरातील द्रव घटून झटका येऊ शकतो, म्हणून ते टाळावे. रुग्णालयातून चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया बंद करण्याचा सल्ला देऊ नये.

४. सात वर्षांखालील बालकास नस्य देऊ नये, असे वाग्भटांचे मत आहे. प्रतिमर्श मात्र त्यांनी सर्व वयांत प्रशस्त मानला आहे. तरीही वाढलेले अॅडेनॉइड त्याने नाहीसे होतील असे आश्वासन देऊ नये.

५. टॉन्सिल, ज्यांची लक्षणे आपण तुंडिकेरीशी जुळवून पाहतो, अतिशय वाढले असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. शस्त्रक्रिया ठरल्यास सिकलसेलची माहिती भूलतज्ज्ञास आधीच मिळावी. रक्त देणे, पुरेसे द्रव व प्राणवायू यांचे नियोजन त्यावर अवलंबून असते.

६. दातांना तार बसवावयाची असल्यास दंतव्यंगतज्ज्ञासही हे कळवावे. अशा रुग्णांत कमी जोर व दोन टप्प्यांत अधिक विश्रांती ठेवण्याचा सल्ला दिला जातो. त्यांची अस्थिवृद्धी व वयात येणे उशिरा होत असल्याने उपचाराचा काळ जन्मतारखेवरून न ठरविता अस्थींच्या वयावरून ठरवावा.

उपसंहार

धातुक्रमात अस्थीनंतर मज्जा येते. या व्याधीत मात्र रक्ताच्या विकृतीमुळे मज्जा विस्तारते आणि अस्थीचा आकार बदलते, म्हणजे कारण शोधताना चेहऱ्यावरून उलट मागे रक्तापर्यंत जावे लागते. आरंभी उल्लेखिलेल्या मुलाच्या टॉन्सिल-अॅडेनॉइडची शस्त्रक्रिया रुग्णालयात पूर्वतयारीनिशी झाली. त्याचे दात अजून पुढेच आहेत. परंतु तो आता रात्री ओठ मिटून झोपतो, असे त्याची आई सांगते. दुर्गम भागात अशा बालकास पाहणारा पहिला चिकित्सक बहुधा आपल्यापैकीच कोणी असतो. दर्शन-स्पर्शन-प्रश्न ही आपली त्रिविध परीक्षा त्या वेळी पूर्ण करावी, एवढीच विनंती.