मंडळाचं ऑनलाइन दुकान आणि कमांड लाइन



दिवाळीचा फराळ, आकाशकंदील, नाटकाची तिकिटं, मदतनिधीच्या देणग्या... बऱ्याच मंडळांत हे सगळं आता ऑनलाइन दुकानातून चालतं. दुकान मांडून देणारा उत्साही कार्यकर्ता नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी जातो, नवी कार्यकारिणी येते आणि "अपडेट कोणी करायचं?" या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघतात. निधी गोळा होत असताना दुकान बंद पडलं, तर नुकसान मदतीची वाट पाहणाऱ्यांचं होतं. म्हणून हा छोटासा धडा.

उदाहरण वूकॉमर्सचं घेऊ. वर्डप्रेसवर चालणारं हे प्लगइन २०११ साली आलं. मूळ प्लगइन विनामूल्य असल्याने लहान संस्थांना ते परवडतं. माऊसने होणारी बरीच कामं 'डब्ल्यूपी-सीएलआय' या साधनाने आज्ञा टाइप करूनही होतात. एसएसएचने सर्व्हरवर शिरायचं, वर्डप्रेसच्या फोल्डरमध्ये जायचं आणि आज्ञा द्यायची. (आज्ञा लहान रोमन अक्षरांत टाइप करतात, इथे फक्त उच्चार दिले आहेत.)

१. आधी नुसतं बघा. 'डब्ल्यूपी प्लगइन लिस्ट' म्हटलं की कोणती प्लगइन्स आहेत आणि कोणाचं अपडेट आलंय ते दिसतं. यात काहीच बदलत नाही, तेव्हा हात बिनधास्त साफ करून घ्या.

२. रंगीत तालीम. 'डब्ल्यूपी प्लगइन अपडेट वूकॉमर्स' या आज्ञेपुढे दोन आडव्या रेघा देऊन 'ड्राय-रन' लिहा. काय बदलेल ते कळतं, बदलत मात्र काही नाही.

३. 'दुकान बंद'ची पाटी. 'डब्ल्यूपी मेंटेनन्स-मोड ॲक्टिव्हेट'. ही पाटी १० मिनिटांनी निष्प्रभ होते आणि अपडेट संपतानाही उतरू शकते. म्हणून गर्दी नसलेली वेळ निवडा.

४. डेटाबेसची प्रत. 'डब्ल्यूपी डीबी एक्स्पोर्ट'. ही फाइल आपण ज्या फोल्डरमध्ये असतो तिथेच पडते. तो फोल्डर वेबवर उघडा असेल, तर गिऱ्हाइकांची नावं-पत्ते चव्हाट्यावर! प्रत ताबडतोब सुरक्षित जागी हलवा. फोटो आणि प्लगइनच्या फाइल्स यात येत नाहीत; त्यांची प्रत वेगळी घ्या.

५. खरं अपडेट. मघाचीच आज्ञा, 'ड्राय-रन' वगळून. त्यानंतर 'डब्ल्यूपी डब्ल्यूसी अपडेट', म्हणजे डेटाबेसही नव्या आवृत्तीला जुळतो.

६. पाटी काढा. 'मेंटेनन्स-मोड स्टेटस' विचारा. पाटी असेल तर 'डीॲक्टिव्हेट' करा. मग स्वतः एक लहानशी ऑर्डर देऊन बघा. पैसे गेले, ईमेल आली, म्हणजे झालं.

आता सर्वांत महत्त्वाचं. काही बिघडलं की "जुनी प्रत परत टाका" असं कोणीतरी म्हणतंच. 'डब्ल्यूपी डीबी इंपोर्ट'ने ते होतं, पण दुकान प्रत घेतली त्या क्षणाला परत जातं. सकाळी प्रत घेतली आणि संध्याकाळी परत टाकली, तर दिवसभराच्या ऑर्डरी आणि देणग्यांच्या नोंदी पुसल्या जातात. कार्डावरून पैसे मात्र गेलेलेच असतात! पाटी आधी, प्रत नंतर, हा क्रम त्यासाठीच. दुकान पुन्हा उघडल्यावर ऑर्डरी आल्या असतील, तर आधी त्या उतरवून घ्या, पेमेंट कंपनीच्या यादीशी ताडून पाहा आणि मगच जुन्या प्रतीला हात लावा. शिवाय प्लगइनही त्याच जुन्या आवृत्तीचं हवं.

कुठलं बटण कुठल्या पानावर आहे, हे फोनवर समजावणं कठीण, आणि नव्या आवृत्तीत ते जागाही बदलतं. आज्ञा मात्र कागदावर लिहून देता येतात. तेव्हा या सहा पायऱ्या छापा, अपडेटची तारीख आणि करणाऱ्याचं नाव खाली लिहीत जा, आणि पुढच्या कार्यकारिणीला जमाखर्चाच्या वहीबरोबर हा कागदही सोपवा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका बरं का!