घाट, ओझे आणि क्राऊन-पिनियनचे दात

आपल्यातील बरेच व्यापारी आणि कारागीर बांधव स्वतःचा माल स्वतःच्या पिकअप गाडीने नेतात. गाडी घेताना आपण इंजिन पाहतो, हौद मोजतो, कर्जाचा हप्ता विचारतो. मागच्या धुऱ्याच्या गोळ्यात कोणते दात आहेत, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

मागाचा धंदा करणाऱ्यांना ही गोष्ट लगेच समजेल. मोटारीवर लहान चाक आणि मागावर मोठे चाक असते. मोटार अनेक फेरे घेते तेव्हा मागाचा एक फेरा होतो. वेग कमी होतो, जोर वाढतो. गाडीच्या गोळ्यातही तेच आहे. पिनियनला १० दात आणि क्राऊनला ४१ असतील तर शाफ्टचे ४.१ फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. ४१ ला ९ असेल तर ४.५६, ३९ ला ८ असेल तर ४.८७. आकडा मोठा तेवढा चढाला जोर जास्त, सपाटीला धाव कमी.

धाव किती कमी? चाकाचा घेर २.१ मीटर धरा, गाडी थेट गिअरमध्ये आणि इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर. ४.१ ला ताशी सुमारे ७७ किलोमीटर वेग मिळतो, ४.५६ ला ६९ आणि ४.८७ ला जेमतेम ६५. उलट जोर ४.१ च्या मानाने अनुक्रमे ११ आणि १९ टक्क्यांनी वाढतो.

आमची गाडी ४.१ ची. इचलकरंजीचे तागे भरून राधानगरीवरून फोंडा घाटाने कणकवलीकडे जाणे-येणे असे. परतीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी गुदमरे, दुसऱ्यात ओरडे. वळणावर थांबावे लागले तर क्लचचा वास. एका मिस्त्रींनी ४.८७ चा जोड बसवून दिला. घाट सोपा झाला, हे कबूल केलेच पाहिजे. उतारालाही इंजिन गाडी चांगली धरून ठेवी आणि ब्रेक कमी तापत. डिझेलचा हिशेब मांडला तर लिटरला १३ चे १४ किलोमीटर झालेले! आम्ही खूश.

मग पुण्याच्या एका फेरीत मीटरने २७० च्या पुढे आकडा दाखवला. कोल्हापूर ते पुणे अंतर २३० च्या आसपास. तेव्हा डोळे उघडले. आमच्या गाडीचे मीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालते. शाफ्ट जास्त फिरला की चाक तेवढे फिरले, असे ते समजते. म्हणजे १०० किलोमीटरचे ते ११९ सांगत होते, आणि आमचे १४ प्रत्यक्षात १२ सुद्धा भरत नव्हते. दोन महिने आम्ही चुकीच्या मापाने भाडे ठरवत होतो. कापड मीटरने मोजून विकणाऱ्याला ही चूक शोभत नाही! (काही नव्या गाड्यांत मीटरला माहिती चाकावरूनच मिळते, तिथे असा फरक पडत नाही.)

म्हणून आधी आपल्या फेऱ्यांचा हिशेब करावा. गगनबावडा, आंबा, फोंडा असे घाट आठवड्यातून तीन-चारदा आणि भरल्या गाडीने असतील तर मोठा आकडा घ्यावा. पुणे-बेळगाव महामार्गच जास्त असेल आणि घाट महिन्यातून एकदा, तर आहे ते ठेवून घाटात वेळेवर दुसरा गिअर टाकावा. आम्ही शेवटी ४.५६ वर आलो. दोनदा खर्च झाला.

मागे ट्रॉली जोडू पाहणाऱ्यांनी आणखी एक गणित करावे. भरलेली गाडी ३ टन आणि चढ १५ फुटांना १ फूट असेल, तर नुसत्या चढासाठी २०० किलो ओढ लागते. एक टनाची ट्रॉली जोडली की ती २६७ होते, म्हणजे एक तृतीयांश जास्त. दात बदलून मिळतात ११ किंवा १९ टक्के. जादा ओझ्यावर दात हा इलाज नव्हे, शिवाय ब्रेक तेवढेच राहतात. ट्रॉलीची नोंदणीही वेगळी करावी लागते.

जुनी गाडी घेताना आतला आकडा असा तपासावा. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा आणि मागचे एकच चाक जॅकवर उचला. शाफ्टवर खडूची खूण करा. चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने दोन फेऱ्यांचा इथे एकच धरला जातो. शाफ्टचे फेरे चारपेक्षा किंचित जास्त आले तर ४.१, साडेचारच्या जरा पुढे ४.५६, पाचला थोडे कमी तर ४.८७. गाडीखाली पूर्ण शिरू नका, खूण बाजूने दिसते.

बदलायचेच असेल तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यावे, जुन्या क्राऊनला नवा पिनियन चालत नाही. दातांना रंग लावून ते कुठे घासतात हे मिस्त्रींकडून समोर तपासून घ्यावे, आणि तेल गोळ्याचेच घालावे, इंजिनचे नव्हे. कंपनीने ज्या मॉडेलला जो आकडा दिला त्याहून वेगळा बसवायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आड येऊ शकते. आर.टी.ओ. आणि विमा कंपनी दोघांना आधी विचारावे, गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाही.